तिसऱ्या मजल्यावरची खोली: मूल होत नसताना घेतलेल्या समुपदेशनाबद्दल

गेल्या दीड वर्षात मी एका समुपदेशक मॅडमकडे ११ वेळा गेले. त्यातल्या ४ वेळा हेही बरोबर होते. एका वेळेला ५० मिनिटं. एकटीचे ८०० रुपये, दोघांचे १२००. सगळे मिळून १०,४०० झाले. आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडतात, त्या उपचाराच्या) एका खेपेला आमचे पावणेदोन लाख गेले होते, ते देताना मी मागेपुढे पाहिलं नव्हतं. पण या ८०० रुपयांसाठी मी सहा महिने घुटमळत होते. नुसतं बोलायचे पैसे द्यायचे, हे मनाला पटतच नव्हतं. ज्या बायका आज तशाच घुटमळतायत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मॅडमचं नाव आणि पत्ता देत नाही. कोल्हापूर काही एवढं मोठं नाही. पत्ता दिला तर उद्या त्या जिन्यावर दिसलेल्या प्रत्येक बाईकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतील. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथं तोंडाला स्कार्फ बांधून येतात, त्यांचा तो आडोसा मला मोडायचा नाही. ज्यांना हवंय त्यांनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारावं. मला तसंच कळलं.

जागा साधी आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, त्याच्या बाजूनं जिना, तिसरा मजला. पाटीवर फक्त ‘समुपदेशन’ एवढाच शब्द. बाहेर चार खुर्च्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. पहिल्या दिवशी तिथं बसल्यावर काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते कळायला पाच मिनिटं लागली. भिंतीवर बाळांचे फोटो नव्हते. आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथं जिन्यापासून सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत भिंतभर गुटगुटीत बाळं होती. टोपलीत झोपलेली, टॉवेलात गुंडाळलेली. पाळी आलेली असायची, पोटात कळा येत असायच्या, आणि त्या बाळांसमोर दोन-दोन तास नंबर लागायची वाट बघायची. फोटो लावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण तिथं रोज कोण येऊन बसतं याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

मी माझी निळी फाईल नेली होती. साडेतीन वर्षांचे कागद: एएमएच (अंडाशयात अंडी किती उरलीत त्याची रक्ततपासणी), थायरॉईड, नळ्यांचा एक्स-रे, ह्यांचे चार रिपोर्ट, दोन खेपांचे डिस्चार्ज. मी ती टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उघडली नाही. त्यांनी विचारलं, “यातला कुठला कागद तुम्ही रात्री उठून वाचता?”

मला वाटलं, हिला कुणी सांगितलं? घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेनंतरचा रक्ताचा रिपोर्ट होता तो. गर्भाशयात गर्भ सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासतात. माझा आकडा आला ३८. थोडा कमी आहे, पण आहे, असं सिस्टर फोनवर म्हणाल्या. सगळं ठीक असलं तर तो आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला लागतो. माझा दोन दिवसांनी ११ झाला. त्या मधल्या दोन दिवसांत मी पतसंस्थेतून घरी येताना महाद्वार रोडवर उतरले होते आणि एक झबलं घेतलं होतं. पांढरं, गळ्याला पिवळी नाडी. ते कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं, आणि तो कागद फाईलमध्ये. रात्री दोन-अडीचला उठून मी तो कागद बाथरूममधल्या दिव्यात वाचायचे. जणू आज आकडा वेगळा दिसेल.

लोकांच्या हिशेबानं काही झालंच नव्हतं. ना पोट दिसलं, ना कुणाला पेढे दिले. त्यामुळं कुणी सांत्वनालाही आलं नाही. मी मयताला जाऊन आलेल्या बाईसारखी आतून रिकामी झाले होते आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसून ठेवींच्या पावत्या लिहीत होते. मॅडम म्हणाल्या, “हे दुःखच आहे, त्याला दुसरं नाव शोधू नका.” झबल्याचं काय करू, म्हणून मी विचारलं. मला वाटलं, टाकून द्या किंवा कुणाला देऊन टाका म्हणतील. त्या म्हणाल्या, काही करायलाच पाहिजे असं नाही. मग मीच एक डबा काढला. त्यात झबलं ठेवलं, तो कागद फाईलमधून काढून त्यावर ठेवला आणि झाकण लावलं. रात्री उठणं लगेच थांबलं नाही, पण कागद वाचणं थांबलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

आमच्याकडं मूल न होणाऱ्या बाईला सगळे एकच औषध सांगतात. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणायच्या, “टेन्शन घ्यायचं सोड, आपोआप हुतंय बघ.” शेजारच्या काकू म्हणायच्या, “माझ्या भाचीचं बघ की, देवावर सोडून दिलं आन् दुसऱ्याच महिन्यात दिवस गेले.” मैत्रिणी म्हणायच्या, जरा फिरून या कुठंतरी, रिलॅक्स व्हा. सगळ्यांचा हेतू चांगला. पण त्याचा अर्थ माझ्या कानात असा शिरायचा, की होत नाही कारण मी टेन्शन घेते. म्हणजे चूक माझीच. मग टेन्शन आलं की त्या टेन्शनचं टेन्शन. दुसऱ्या खेपेला गर्भ सोडल्यावर मी एकदा ऑफिसात रडले होते, कॅश जुळली नव्हती म्हणून. आकडा ३८ चा ११ झाला तेव्हा मला पहिलं आठवलं ते हेच. मी त्या दिवशी रडले म्हणून गेलं. हे मी सात महिने कुणाला बोलले नव्हते.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून एक छापील कागद काढला आणि मला मराठीत समजावून सांगितला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे १४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात मिळून ३,५८३ बायका होत्या. उपचाराआधी कुणाला किती चिंता होती, किती उदासी होती, आणि त्या खेपेला गर्भ राहिला की नाही, याचा संबंध लागतो का ते तपासलं. संबंध लागला नाही. खूप ताण असलेल्यांनाही दिवस गेले होते, शांत असलेल्यांचाही गर्भ राहिला नव्हता.

मी तो कागद तीनदा मागून बघितला. इंग्रजी मला थोडं थोडं कळतं. मग मी विचारलं, “म्हणजे मी रडले म्हणून नाही?” त्या म्हणाल्या, “नाही.” एवढंच. त्या दिवशी खाली उतरून मी झेरॉक्सच्या दुकानाशेजारी स्कूटरवर नुसती बसून राहिले. किल्ली लावायचं सुचत नव्हतं. माझे १०,४०० रुपये त्या एका शब्दात वसूल झाले. बाकीच्या दहा वेळा नसत्या तरी माझी तक्रार नव्हती.

याचा अर्थ ताण खोटा असतो असा नव्हे. मॅडमनी दुसरंही सांगितलं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमर यांनी १९९३ साली दाखवलं होतं, की मूल न होणाऱ्या बायकांमधली चिंता आणि उदासी कॅन्सरच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांच्या तोडीची असते. हे ऐकून मला धीर आला, विचित्र वाटेल पण आला. मी उगाच बाऊ करत नव्हते तर. आणि ताणामुळं एक नुकसान खरंच होतं: माणसं उपचार अर्ध्यात सोडतात. आमची तिसरी खेप दोन वर्षं रखडली ती फक्त पैशांसाठी नव्हे.

पहिल्या दवाखान्यातही आम्हाला ‘काउन्सेलिंग’ झालं होतं. एका केबिनमध्ये नेलं, समोर छापील तक्ता ठेवला, एका खेपेचं पॅकेज, तीन खेपांचं पॅकेज, हप्त्याची सोय. पंधरा मिनिटांत सह्या. त्यालाच काउन्सेलिंग म्हणतात असं मी समजून चालले होते. आता २०२१ चा कायदा आहे, या उपचारांच्या केंद्रांवर तो लागू आहे. यश मिळायची शक्यता किती, परिणाम काय, फायदे-तोटे काय, खर्च किती, हे जोडप्याला समुपदेशनातून नीट सांगणं त्यात केंद्राचं कर्तव्य ठरवलं आहे. दर सांगितले म्हणजे ते झालं असं नाही. पुढच्या वेळी कुणी केबिनमध्ये बोलावलं तर समोरचा माणूस समुपदेशक आहे की बिलिंगचा, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

ह्यांच्याबद्दल लिहू का नको, असा प्रश्न होता. त्यांना विचारलं, ते म्हणाले, लिही.

हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. बारा वर्षं भट्टीजवळ. रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न कामाबद्दल विचारला होता. सतत उष्णतेत काम केलं तर असं होऊ शकतं म्हणाले. खातं बदलून घ्या, तीन महिन्यांनी परत तपासू, कारण नवे शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. ह्यांनी खातं बदलून घेतलं, पगार थोडा कमी झाला, आकडा थोडा वाढला. पण घरात कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, हे आज मला माहीत आहे. पण आमच्या गल्लीत वांझ हा शब्द फक्त बाईला आहे. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही.

पाच वर्षं मी तो शब्द अंगावर घेतला. माझ्या चुलत जावेच्या डोहाळजेवणाला पाच सवाष्णींनी ओटी भरायची होती. मी ताट हातात घेऊन रांगेत चौथी. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सगळं मीच सकाळी मांडलं होतं. माझा नंबर आला तेव्हा तिच्या माहेरच्या एक मावशी माझ्या हातातलं ताट अलगद काढून घेत म्हणाल्या, “राहू दे गं, तू मग भर.” आवाज अगदी मऊ होता. ताट मागच्या बाईकडं गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटायला बसले. हे तेव्हा अंगणात मंडपाचे पैसे देत होते, त्यांना काहीच कळलं नाही. मी सांगितलंही नाही, कारण सांगितलं तर त्यांना आपला रिपोर्ट आठवेल.

हे सगळं मॅडमच्या खोलीत, पाचव्या वेळी, मी पहिल्यांदा ह्यांच्यासमोर बोलले. हे फार बोलणारे नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, डाव्या मनगटावर भट्टीचा जुना डाग आहे तो अंगठ्यानं घासत होते. मॅडमनी त्यांना ‘आता तुम्हाला काय वाटतं’ असलं काही विचारलं नाही. बराच वेळ शांत बसू दिलं. शेवटी हे म्हणाले, “ताट काढून घेतलं, हे मला आज कळतंय.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी, रात्री जेवणं झाल्यावर, आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. हे समोर जाऊन बसले आणि म्हणाले, “आई, कमी माझ्यात हाय. तिच्यात न्हाई.” आत्यांनी मान वर केली नाही. मेथीची सगळी जुडी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली, आणि आत गेल्या. मला वाटलं, आता घरात अबोला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या, नेहमीसारखं “काय विशेष?” म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत आत्या आतून बोलल्या, “तिला काय इचारतीस? आमचं आमी बघतोय.” तेव्हापासून काकूंनी तो प्रश्न विचारलेला नाही.

मॅडमनी शिकवलेल्या बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत, पण रोज उपयोगी पडतात. उपचाराचा विषय रात्री वीस मिनिटंच, घड्याळ लावून. त्यानंतर नाही. आधी आम्ही जेवताना, गाडीवर, झोपताना तेच बोलायचो, किंवा तो विषय टाळायला काहीच बोलायचो नाही. निकालाचा फोन कुणी घ्यायचा, कुठं घ्यायचा, हे आधी ठरवायचं. मागचा फोन मी काउंटरवर घेतला होता, समोर ग्राहक उभा होता. आता तो फोन हे घेणार, मी त्या दिवशी रजेवर, आणि आम्ही रंकाळ्यावर असणार, घरात नाही. समारंभाला जायचं की नाही हे त्या-त्या वेळी ठरवायचं, आणि गेलंच तर आहेर आधी पोचवून तासाभरात निघायचं. यंदा नणंदेच्या डोहाळजेवणाला मी अशीच गेले. ओटी भरली, आत्यांनीच ताट माझ्या हातात दिलं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. मॅडम वेळ पाळत नाहीत. आधीच्या बाईचं बोलणं लांबलं तर वीस-पंचवीस मिनिटं बाहेर बसावं लागतं, आणि नोकरी करणारीला ते परवडत नाही. रविवारी बंद, संध्याकाळी सहानंतर नाही, त्यामुळं ह्यांना चारही वेळा अर्धी रजा टाकावी लागली. खोलीचं दार पातळ आहे, बाहेर आवाज येतो. मी बोलले, त्यावर आता बाहेर पंखा मोठा लावतात, तेवढ्यानं पुरत नाही. व्हिडिओ कॉलवर एकदा बोलले, त्याचा काही उपयोग झाला नाही, घरातल्या घरात दबक्या आवाजात काय बोलणार.

आणि तिसऱ्या वेळी त्यांनी दत्तकाचा विषय काढला. दत्तक घेणं चांगलंच आहे, आमच्या ऑफिसात एकांनी घेतलंय, मुलगी आता पाचवीत आहे. पण मी अजून त्या झबल्यापाशीच होते. मला असं वाटलं, की यांनीही आमची आशा सोडली. पुढचा आठवडा मी गेलेच नाही. नंतर गेले आणि तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझी घाई झाली, चुकलं.” डॉक्टरांकडून असं ऐकायची आम्हाला सवय नाही, म्हणून लिहिते. त्यानंतर तो विषय आम्हीच काढला, दहाव्या वेळी, आणि तेव्हा तो जड गेला नाही.

समुपदेशक शोधताना शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारली तर कुणी रागवत नाही. आणि ज्यांना ८०० रुपये खरंच जड आहेत, किंवा गावाकडं कुणी नाही, त्यांच्यासाठी टेलि-मानस ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, नंबर १४४१६. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. माझी गगनबावड्याकडची मावसबहीण एका रात्री त्यावर पाऊण तास बोलली, तिला बरं वाटलं.

आमची तिसरी खेप दिवाळीनंतर आहे. त्यानंतर चौथी करायची नाही, हे आम्ही दोघांनी मॅडमसमोर बसून ठरवलं आणि कागदावर लिहिलं. तो कागदही त्याच डब्यात आहे. इंजेक्शनं फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं ठेवायची जागा आत्यांनी आत्ताच मोकळी करून ठेवली आहे.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. वेळ फोन करूनच घ्या, आणि शक्यतो दुपारची पहिली घ्या म्हणजे थांबावं लागत नाही. अंडी काढल्यानंतर आठवडाभर पोट फुगलेलं असतं, तेव्हा ते तीन मजले चढू नका. आधी कळवलं तर झेरॉक्सच्या दुकानामागं एक खोली आहे, मॅडम खाली येऊन तिथं बसतात. मला हे सातव्या वेळी कळलं.